रोटीवर फुललेली बाग

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एक छायाचित्र वरचेवर फिरताना दिसते. चौकोनी ट्रेमध्ये जाड, फुगलेली रोटी आणि तिच्यावर कांद्याच्या पातीचे देठ, ढोबळ्या मिरचीच्या पाकळ्या, टोमॅटोची फुले, पुदिन्याची पाने. वाफ्यात लावलेली बागच जणू! 2020 च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या लोकांनी जगभर ही रोटी भाजली, एकमेकांना फोटो पाठवले आणि तेव्हापासून तिची ओळख आपल्याकडेही झाली. पुण्यात कॅम्प आणि कोंढव्यातल्या घरांतही ती आता इफ्तारच्या दस्तरखानावर अधूनमधून दिसते.

तिचे नाव फोकाचिया. नाव ऐकूनच काही भगिनी म्हणतात, 'हे मोठ्या हॉटेलातले, आपल्या घरचे नव्हे.' काहींना ती निव्वळ फोटोसाठी केलेली चैन वाटते. ही रोटी आपल्याला किती परकी आहे, घरच्या साहित्यात होते का आणि तिच्यावरची सजावट पोटात जाते की कचऱ्यात, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

नक्षीमागचे कारण

फोकाचिया ही इटलीतल्या जेनोआ या बंदराच्या शहराची रोजची रोटी. लॅटिन भाषेत 'फोकुस' म्हणजे चूल. चुलीत भाजलेली ती फोकाचिया. जेनोआचे लोक सकाळी ती कॉफीत बुडवून खातात, जसे आपण इराण्याच्या हॉटेलात बनमस्का चहात बुडवतो. मूळची रोटी अगदी साधी : पीठ, पाणी, खमीर, मीठ आणि भरपूर तेल. फुगलेल्या पिठात बोटे रुतवून खळगे करायचे आणि भाजायचे. भाज्यांची बाग ही अलीकडची भर आहे.

हे बोटांचे खळगे मुस्लिम देशांतल्या रोट्यांवरही दिसतात. इराणच्या नान-ए-बरबरीवर बोटांनी लांब चर पाडतात आणि वर तीळ किंवा कलौंजी पेरतात. तुर्कस्तानात रमजानच्या महिन्यात खास गोल 'पिदे' भाजतात. तिच्यावर बोटांनी जाळी उमटवून तीळ-कलौंजी घालतात आणि इफ्तारच्या आधी बेकऱ्यांपुढे रांगा लागतात. उझबेकिस्तानात 'चेकिच' नावाचा सुयांचा ठसा असतो. तो रोटीच्या मध्यावर दाबला की फुलासारखी नक्षी उठते. काश्मिरात कांदरू, म्हणजे तिथला रोटीवाला, रोटीवर बोटांच्या खुणा करतो. आपल्या शीरमालवरही काट्याने टोचे मारलेले असतात.

या साऱ्या नक्षीला कारण आहे. पीठ फुगताना आत हवा साठते. टोचले किंवा दाबले नाही, तर रोटीचा पापुद्रा फुग्यासारखा वर येतो, करपतो आणि आतला भाग कच्चा राहतो. खळग्यांमुळे रोटी सारखी भाजते, वरचे तेल आणि तीळही जागच्या जागी राहतात. कारागिरांनी ही गरज भागवता भागवताच तिला सुंदर केले. लेबनॉनमध्ये रोटीवर झातर, म्हणजे रानओव्याच्या जातीची सुकी पाने, तीळ आणि ऑलिव्ह तेल लावून सकाळच्या नाश्त्याला 'मनकूशे' करतात. 2023 साली युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. रोटीवर हिरवा पाला भाजणे हे आपल्या दस्तरखानाला नवे नाही.

पुण्याची भट्टी

पुण्याला तर पावाचे वावडे कधीच नव्हते. 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी पुण्यात स्थिरावली आणि लष्कर भागात पावाच्या भट्ट्या आल्या. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. गोव्याच्या पोदेरांनी, पुढे इराण्यांनी आणि मुस्लिम कारागिरांनी कॅम्पातल्या बेकऱ्या नावारूपाला आणल्या. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 पासून आहे. तिथल्या श्रुसबेरी बिस्किटांसाठी लागणारी रांग पुण्याला भेट देणाऱ्या पाहुण्यांनाही ठाऊक असते.

पण आमच्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट म्हणजे नानखटाई. ईदच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जायचे, पत्र्यांवर नानखटाई लावायची आणि भट्टीतून भाजून, डबे भरून घरी आणायची. ही पद्धत आपल्या अनेक घरांनी अनुभवली आहे. साहित्य घरचे, हात घरचे, आच फक्त बेकरीची. नानखटाईवर चारोळी किंवा पिस्त्याचा तुकडा दाबण्याचे काम हमखास मुलांकडे असे. फोकाचियावर टोमॅटो दाबणारी आजची मुले तेच काम करत असतात.

पीठ : वजनाला महत्त्व

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खाली दिलेले प्रमाण साधारण 9 बाय 13 इंचाच्या ट्रेसाठी आहे. त्यात सहा-सात माणसांची सोय होते.

मैदा 300 ग्रॅम, गव्हाचे पीठ 100 ग्रॅम, कोमट पाणी 280 ते 290 मिली, इन्स्टंट ड्राय यीस्ट 4 ग्रॅम (सव्वा लहान चमचा), मीठ 8 ग्रॅम (दीड लहान चमचा), साखर एक लहान चमचा आणि तेल चार मोठे चमचे. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम. पण ते महाग पडते आणि त्यावाचून काही अडत नाही. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाने येणारी चव आपल्या जिभेला अधिक ओळखीची आहे.

मैदा, गव्हाचे पीठ, यीस्ट आणि साखर एकत्र करा. आधी 260 मिली पाणी घाला. प्रत्येक चक्कीचे पीठ वेगळे पाणी पिते, म्हणून उरलेले पाणी थोडे थोडे घाला. मग मीठ आणि दोन चमचे तेल घाला. हे पीठ चपातीच्या कणकेपेक्षा खूप सैल, हाताला चिकटणारे असते. इथेच पुष्कळ जणी घाबरून वरून मैदा घालतात आणि रोटी दडस होते. पीठ घालू नका, हात ओला करा. भांड्यातच पिठाची एक बाजू उचलून मध्यावर दुमडा, भांडे फिरवा, पुन्हा दुमडा. असे पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा केले की चिकट लगदा मऊ, ताणला जाणारा गोळा होतो. रगडून मळण्याची गरज उरत नाही.

पुढे झाकून ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पीठ तासाभरात दुप्पट होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहावे. दुप्पट झाले की ट्रेला तेल लावून त्यात ओता, हळुवार पसरा आणि अर्धा तास पुन्हा फुगू द्या. मग तेलाचा हात करून दहाही बोटे ट्रेच्या तळापर्यंत रुतवा. खळगे पडले, वर बुडबुडे दिसले की जमीन तयार झाली. आता बाग लावायची.

कोणती भाजी कशी वागते

सजावट चुकते ती हात वाईट म्हणून नव्हे. भाजीचा स्वभाव माहीत नसतो म्हणून. ओव्हनच्या आचेत काही भाज्या टिकतात, काही करपतात, काही पाणी सोडतात.

देठांसाठी कांद्याची पात सर्वांत चांगली. ती लांब, लवचिक असते आणि भाजल्यावरही हिरवट राहते. हिरवी मिरची उभी चिरून, बिया काढून तिची पाने करता येतात. ढोबळी मिरची लाल, पिवळी, हिरवी अशी तिन्ही रंगांत मिळते. तिच्या पाकळ्या रंग सोडत नाहीत. जांभळ्या कांद्याची आडवी चकती हे आयते फूल आहे. तिच्या मध्यावर कलौंजी किंवा तीळ ठेवले की झाले.

टोमॅटो अर्धा कापून आधी गर काढा आणि कागदावर पालथा ठेवा, नाहीतर त्याच्याखाली पीठ कच्चे राहते. मशरूमही पाणी सोडते, ते आधी तव्यावर परतून घ्यावे. गाजर आणि बटाटा कच्चाच ठेवला तर कडक राहतो. कागदासारख्या पातळ चकत्या करून त्यांना तेल चोळा. बीट शेजारच्या पिठालाही रंगवते. गुलाबी डाग चालणार असतील तरच ते घ्यावे.

कोथिंबीर, पुदिना, शेपू ही पाने नाजूक. ती नुसती वर ठेवली तर दहा मिनिटांत काळी पडतात. धुऊन, पूर्ण पुसून, दोन्ही बाजूंना तेल लावून पिठात दाबून बसवावीत. त्याहून सोपे म्हणजे भाजण्याची शेवटची सात-आठ मिनिटे उरली असता ट्रे बाहेर काढून ती लावावीत. कढीपत्ता मात्र तेलात बुडवला की आधीपासून चालतो आणि कुरकुरीत होतो. शेपू न खाणारी मुले या रोटीवरचा शेपू खातात, असे आमच्या पाहण्यात आहे. कारण ते 'झाड' त्यांनी स्वतः लावलेले असते.

या भाज्यांसाठी वेगळी खरेदी लागत नाही. शिवाजी मार्केट असो की महात्मा फुले मंडई, रोजच्या पिशवीत उरलेली अर्धी ढोबळी मिरची, चार पाती, एक कांदा एवढ्यात ट्रे भरतो. प्रत्येक भाजी थोडी खोल दाबा, कारण रोटी फुगताना वरचे सारे उचलले जाते. भाज्यांची गर्दी करू नका. पिठाचा निम्मा भाग मोकळा राहिला तरच रोटी नीट फुलते.

नक्षी कसली काढावी? फुले, वेली, झाडे पुरेशी आहेत. वेलबुट्टी आणि जाळी ही आपल्या कारागिरीची जुनी वाट. विजापूरच्या इब्राहिम रौझ्याच्या दगडी जाळ्या पाहिलेल्यांना ते सांगायला नको. चंद्रकोर काढायला हरकत नाही. मात्र अल्लाहचे नाव, आयत किंवा कोणताही पवित्र शब्द पिठावर लिहू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. रोटी कापली जाते, तिचे तुकडे आणि कण खाली पडतात. हौसेच्या भरात हे लक्षात राहत नाही.

भाजणे : ओव्हन असो वा नसो

ओव्हन 220 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे आधी तापवा आणि 22 ते 25 मिनिटे भाजा. कडा सोनेरी होऊन ट्रेपासून सुटल्या आणि तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की रोटी झाली. लगेच जाळीवर काढा. ट्रेमध्येच राहिली तर वाफेने तळ ओला होतो. विजेचा हिशेबही सांगतो : 1500 वॉटचा ओव्हन पाऊण तास सतत चालला तर सव्वा युनिटच्या आतच वीज लागते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची पातेली घ्या, तळात मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटे तापवा. निम्म्या प्रमाणाची रोटी गोल डब्यात लावून मंद-मध्यम आचेवर 30 ते 35 मिनिटे भाजा. आच फक्त खालून असल्याने वरचा रंग फिका राहतो, पण रोटी आतून चांगली होते. आपल्या आजीच्या काळी दम बिर्याणीच्या झाकणावर निखारे ठेवत, त्याचे कारण हेच : वरूनही आच हवी.

तिसरा मार्ग मोहल्ल्यातल्या बेकरीचा. नानखटाई उतरत्या आचेवर भाजतात. या रोटीला मात्र तेज आच लागते, म्हणून पावाचा घाणा निघाल्याबरोबर ट्रे आत जाईल अशी वेळ आधी विचारून ठरवावी.

हलाल आणि शुद्ध

घरच्या रोटीचा एक मोठा फायदा म्हणजे तिच्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. मे 2016 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तिथल्या ब्रेड, पाव, बनचे 38 नमुने तपासले. त्यांतल्या 84 टक्क्यांमध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. हे पदार्थ पीठ अधिक फुगवण्यासाठी वापरले जात. कर्करोगाच्या धोक्यामुळे भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुढच्याच महिन्यात पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली.

हलालच्या दृष्टीनेही पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे. पीठ मऊ करण्यासाठी वापरले जाणारे ई 920, म्हणजे एल-सिस्टीन, पिसे किंवा केसांपासूनही काढतात. ई 471 वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून होऊ शकते. चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वापरलेले रेनेट प्राणिज असू शकते. भारतातल्या पाकिटावर शाकाहारी असल्याची हिरवी खूण असेल तर हा घटक प्राणिज नाही, एवढे कळते. परदेशी पाकिटांवर ती खूण नसेल तर अधिक चौकशी करावी. आपल्या रोटीला यांतले काहीच लागत नाही.

रोज्यात करायची तर

रमजानात खरा प्रश्न साहित्याचा नसतो, वेळेचा आणि ताकदीचा असतो. असर ते मगरिब हा काळ घरातल्या बाईला सर्वांत जड जातो. रोजा तिलाही असतो. एका चुलीवर भजी, दुसऱ्यावर हलीम, फळे कापायची, सरबत करायचे. त्यात 'आज ती फुलांची रोटी कर' अशी फर्माईश आली, तर ती सजावट कोणाच्या थकव्यातून उभी राहते?

म्हणून आम्ही एक वेगळी वाटणी सुचवतो. तरावीहनंतर यीस्ट 3 ग्रॅमवर आणून, थंड पाण्याने पीठ कालवून फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत ते रात्रभर हळूहळू फुगते आणि चवही वाढते. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर कोणीही ते ट्रेमध्ये ओतू शकते. भाज्या धुणे, पुसणे, चिरणे हे काम घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावे. असरनंतर सजावट पूर्णपणे लहान मुलांच्या हाती द्यावी. फूल वाकडे आले तर वाकडेच राहू द्यावे. मगरिबच्या पाऊण तास आधी ट्रे ओव्हनमध्ये गेला की अजानच्या वेळी रोटी कोमट होते, कापायला नेमकी.

रोज्यात वजनकाट्याचाही मोठा आधार होतो. पीठ चाखून मीठ पाहण्याची सोय नसते. 400 ग्रॅम पिठाला 8 ग्रॅम, म्हणजे शंभराला दोन, हे प्रमाण पक्के ठेवले की चव बिघडत नाही.

फोटोनंतर काय?

आता त्या आक्षेपाकडे येऊ. सजवलेल्या पदार्थांचा एक वाईट गुण असतो. फोटो निघाला की त्यांचे महत्त्व संपते. इफ्तारच्या मोठ्या दावतींत उरलेल्या, अर्धवट चाखलेल्या पदार्थांनी भरलेल्या पिशव्या आपण सगळेच पाहतो. ज्या घरांत खाली पडलेला रोटीचा तुकडा उचलून बाजूला ठेवण्याचा संस्कार आहे, त्याच घरांतून ट्रेच्या ट्रे फेकले जावेत हे शोभत नाही. इस्राफ म्हणजे उधळपट्टी. ती बिर्याणीची असो वा रोटीची, रिज्कची बेअदबीच.

त्यासाठी काही साधे नियम पाळावेत. जे खाल्ले जाणार नाही ते रोटीवर लावू नये. रोझमेरीच्या जाड काड्या, कडक देठ, नुसत्या रंगासाठी घातलेली पाने वगळावीत. माणसे मोजून ट्रे लावावा. उरली तर दुसऱ्या दिवशी सहेरीला तव्यावर झाकून गरम करावी, पहिल्याइतकी मऊ होते. त्याहून शिळी झाली तर चौकोनी तुकडे तेलात परतून सूपवर घालावेत किंवा वाळवून चुरा करावा. खिम्याचे कबाब आणि कटलेट बांधायला हा चुरा उत्तम, त्यात भाजीची चव आधीच असते. आणि ट्रे भाजताच एक तुकडा शेजारी पाठवावा. शेजाऱ्याच्या घरी गेलेली रोटी शिळी होत नाही.

हुनराला दाम

काही भगिनी या कौशल्यातून घरबसल्या मिळकत करू पाहतात. ते स्तुत्य आहे. विक्री करायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. छोट्या व्यावसायिकांना ही नोंदणी ऑनलाइन करता येते. दाम ठरवताना पीठ, भाज्या, तेल, वीज आणि खोका यांबरोबर आपल्या तासांचीही किंमत धरावी. आपल्याकडे बायकांच्या हाताच्या कामाला 'घरचेच तर आहे' म्हणून शून्य किंमत लावली जाते. नक्षीदार रोटीत साहित्य थोडे आणि मेहनत जास्त असते. मेहनत हिशेबात धरली नाही, तर हा धंदा चार महिन्यांत थकवून टाकतो.

येत्या सुट्टीच्या दिवशी ही रोटी एकदा करून पाहावी. ओव्हन नसला तर पातेलीत, ऑलिव्ह तेल नसले तर शेंगदाण्याच्या तेलात. मुलांना टोमॅटो लावू द्यावेत, पुरुषांनी पात निवडावी. फोटो जरूर काढावा, पण एकच. रोटी गरम आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून सर्वांनी एका ट्रेमधून खावी.